हायातेचे मारेकरी

दिवाळीच्या आधी माळ्यावरची भांडी खाली उतरतात, तशी ती यंदाही उतरली. त्यांत माझ्या आजीचा पितळी तांब्या होता. तिच्या लग्नातला. तिच्या वडिलांनी त्यावर तिचे माहेरचे नाव, गाव आणि शके घालून घेतले होते. लहानपणी मी त्या अक्षरांवरून बोट फिरवीत असे. आज तांब्या लखलखीत आहे आणि नाव मात्र गेले आहे. कोणी नेले? कोणीच नाही. इतक्या दिवाळ्या आम्ही तो चिंच आणि राख लावून मोठ्या मायेने घासला. त्या मायेनेच आजीचे नाव पुसले.

हे घरचे उदाहरण मी मुद्दाम आधी सांगितले. कारण आज मला ज्या वस्तूसाठी भांडायचे आहे ती फार दूरची आहे, आणि फराळाच्या ताटाशेजारी तिचे नाव वाचून कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल. ती वस्तू म्हणजे जपानचे एक लढाऊ विमान. नाव 'हायाते', म्हणजे सोसाट्याचा वारा.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात जपानी लष्करासाठी नाकाजिमा कंपनीने ते बांधले. जपानच्या शाही शकातले २६०४ वे वर्ष म्हणजे इसवी सन १९४४. त्या शकाचा शेवटचा आकडा घेऊन लष्कराच्या दप्तरात त्याची नोंद 'चौथ्या सालचे लढाऊ विमान' अशी झाली. आटोपशीर नाकात अठरा सिलिंडरांचे, दोन हजारांच्या घरातली अश्वशक्ती देणारे इंजिन बसवलेले. अशी सुमारे साडेतीन हजार विमाने बांधली गेली. त्यांतले सबंध म्हणावे असे आज जगात एकच उरले आहे. क्यूशू बेटावर, कागोशिमा प्रांतातल्या चिरान या गावी, एका स्मारक-संग्रहालयात ते उभे आहे. १९७३ साली ते उडत होते. आज ते उडू शकत नाही. शत्रूच्या हाती होते तोवर ते धडधाकट राहिले आणि मायदेशी परतल्यावर ते पंगू झाले. माझे भांडण या गोष्टीशी आहे.

मला सांगायचे आहे ते एवढेच की, जुनी वस्तू द्वेषाने जेवढी मरते तेवढीच पोकळ प्रेमानेही मरते. ती जगते ती तीन रुक्ष गोष्टींनी: डोक्यावर छप्पर, दाराला कुलूप आणि काय आले, काय बदलले, काय गेले ते लिहून ठेवणारी वही. या तीन गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत त्याने आपल्या प्रेमाची ग्वाही देऊ नये.

आता हायातेची कुळकथा ऐका. १९४५ च्या आरंभी अमेरिकी फौजांनी फिलिपाइन्समधील लुझोन बेटावरचा क्लार्क फील्ड हा मोठा विमानतळ परत घेतला. पळत्या जपानी सैन्याने मागे टाकलेल्या विमानांत हे हायाते सापडले. दोस्तांच्या सैन्यात एक पथकच असे होते की, शत्रूची विमाने गोळा करायची, दुरुस्त करायची आणि स्वतः उडवून त्यांचे मर्म शोधायचे. त्या पथकाने हायातेच्या अंगावरचा रंग खरवडला, उघड्या पत्र्यावर अमेरिकेची पांढरी चांदणी काढली आणि ते आकाशात नेले. पुढे ते अमेरिकेला गेले. १९४६ साली पेनसिल्व्हेनियातील मिडलटाउन येथे त्याच्या चाचण्या झाल्या.

यात प्रेमाचा लवलेशही नव्हता, हे मी आधीच कबूल करतो. शत्रूची वस्तू राखायची ती तिच्यातून काही कळते म्हणून. कळून झाले की तिची किंमत संपली. याचे उत्तम उदाहरण म्हणजे अलास्काजवळच्या अकुतान बेटावर सापडलेले झीरो विमान. जून १९४२ मध्ये तादायोशी कोगा नावाच्या एकोणीस वर्षांच्या जपानी वैमानिकाने, तेलाची नळी फुटलेले आपले झीरो त्या बेटावरच्या हिरव्या माळावर उतरवले. तो माळ नव्हता, दलदल होती. चाके रुतली, विमान उलथले आणि पोरगा जागीच गेला. महिन्याभराने अमेरिकनांना ते जवळजवळ शाबूत सापडले. सप्टेंबरात सॅन दिएगो येथे ते पुन्हा उडाले आणि त्याने आपली सारी गुपिते सांगून टाकली. वेग वाढला की पंखांवरच्या झडपा जड होतात. नाक एकदम खाली घातले की इंजिन अडखळते. ही माहिती अमेरिकी वैमानिकांना पोहोचवली गेली. आणि त्या विमानाचे काय झाले? फेब्रुवारी १९४५ मध्ये ते धावपट्टीकडे हळूहळू चालले असताना मागून दुसरे एक विमान त्याच्यावर चढले आणि त्याच्या फिरत्या पंख्याने झीरोचे शेपटीपासून बैठकीपर्यंत तुकडे केले. काही तबकड्या आणि बारीकसारीक अवशेष तेवढे राहिले. लढाईत नव्हे, आकाशात नव्हे, जमिनीवर चालता चालता ते गेले. हे लक्षात ठेवा. पुढे याचे काम पडणार आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. मग जेत्यांनी जपानी विमानांचे जे केले ते सांगताना जीभ अडखळते. तळातळांवर रांगाच्या रांगा उभ्या होत्या. प्रत्येक जातीचे मोजके नमुने निवडून विमानवाहू जहाजांवर लादले गेले. बाकीची हजारो विमाने ढीग करून जाळली, चिरडली, भंगारात घातली. जपान्यांना ती वाचवता आली असती का? मुळीच नाही. विमान बांधणे, उडवणेच काय, त्याचे शास्त्र शिकवणेसुद्धा त्यांना १९४५ च्या अखेरीस बंद झाले, आणि ती बंदी उठली ती १९५२ मध्ये. तेव्हा त्या काळात जपानने विमाने का राखली नाहीत, असा आरोप मी करणार नाही. ज्याचे हात बांधलेले आहेत त्याला, वाडा का राखला नाहीस, असे विचारणे हा दुष्टपणा आहे.

अमेरिकेत पोहोचलेली विमानेही सुखात होती असे नाही. शिकागोजवळच्या एका रिकाम्या कारखान्यात त्यांतली कित्येक ठेवली होती. १९५० साली कोरियाचे युद्ध सुरू झाले, कारखान्याची जागा हवी झाली आणि विमानांना बाहेर काढा म्हणून हुकूम सुटला. तेव्हा स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पॉल गार्बर नावाच्या गृहस्थाने मेरीलँडमध्ये सिल्व्हर हिल येथे जंगलातली जमीन मिळवली, झाडी साफ करवली आणि जी नेता आली ती विमाने तिथे हलवली. जी नेता आली नाहीत ती गेली. इकडे कॅलिफोर्नियात एडवर्ड मलोनी नावाच्या हौशी माणसाने भंगारवाल्यांच्या तावडीतून विमाने सोडवण्याचा सपाटा लावला आणि १९५७ साली क्लेअरमाँट येथे संग्रहालय उघडले. आपले हायाते त्याच्याच संग्रहात आले. तिथल्या मंडळींनी त्याची दुरुस्ती केली, त्याला पुन्हा जपानी रंग दिला आणि त्याचे इंजिन सुरू केले. विमान उडू लागले.

गार्बर आणि मलोनी हे काही संत नव्हते, आणि जपानवर त्यांचे प्रेम होते असेही मी म्हणत नाही. त्यांनी हायातेला हार घातला नाही, त्याच्यासमोर भाषण केले नाही. त्यांनी जागा शोधली, पाना उचलला आणि तेल घातले. वस्तूच्या लेखी पूजेपेक्षा हीच सेवा मोठी.

१९७३ साली हायाते जपानला परतले. अठ्ठावीस वर्षांनंतर ते स्वतःच्या इंजिनाच्या बळावर जपानच्या आकाशात उडाले. खाली उभ्या असलेल्यांत ते बांधणारे कामगार असतील, ते उडवलेले वैमानिक असतील, ज्यांचे मुलगे परतले नाहीत अशा आया असतील. त्या दिवशी कित्येकांचे डोळे भरून आले असणार. माझा त्या आसवांवर आक्षेप नाही. माझा आक्षेप आसवे वाळल्यानंतर जे झाले त्यावर आहे. ते विमान खाजगी मालकीत राहिले, पुढे क्योटोजवळच्या एका खाजगी संग्रहालयात ठेवले गेले, आणि या वर्षांत त्याची आबाळ झाली. सुटे भाग नाहीसे झाले. अवयव कुजले. ते संग्रहालय बंद पडल्यावर १९९० च्या दशकात विमान चिरानला आले तेव्हा त्याचे उड्डाण कायमचे संपले होते. अमेरिकेच्या गोळ्यांनी जे केले नाही, अमेरिकेच्या भट्ट्यांनी जे केले नाही, ते स्वगृही झाले.

आता आक्षेपकांकडे वळतो. माझे एक स्नेही आहेत. आमची बैठक रोज संध्याकाळी जमते. ते म्हणाले, "जपान्यांचे विमान राहिले काय आणि गेले काय, तुम्हाला कशाला उमाळा? मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन याच जपान्यांशी झुंजली. आपली पोरे तिथे पडली. त्यांच्या वैऱ्याचे यंत्र वितळवून त्याची भांडी केली तरी मला दुःख नाही."

या बोलण्यातली चीड मला समजते आणि तिचा मी मान राखतो. पण तिच्यातला निष्कर्ष मला साफ नामंजूर आहे. सांगशाकला आपली माणसे कोणाशी लढली हे पुढच्या पिढीला कसे कळणार? केवळ आपल्या शौर्याच्या गोष्टींनी? ज्या शत्रूचे शस्त्र कोणी पाहिलेले नाही तो शत्रू हळूहळू गोष्टीतला राक्षस होतो, आणि राक्षसाला मारणाऱ्याचे शौर्यही मग गोष्टीतलेच वाटू लागते. खरे यंत्र समोर असले म्हणजे कळते की, हे बांधणारे हात कुशल होते, ही बुद्धी तल्लख होती, आणि एवढे असूनही ते राष्ट्र कोणत्या वाटेला गेले. वैऱ्याचे शस्त्र वितळवणारा आपल्याच हुतात्म्यांच्या बाजूचा पुरावा वितळवीत असतो.

दुसरा आक्षेप भावनाशील लोकांचा. ते म्हणतात, "काही झाले तरी ज्याची वस्तू त्याच्या घरी गेली हेच उत्तम. आईच्या मांडीवर मरण आले तरी ते गोड." वाक्य कानाला गोड आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. माणसाला ते लागू पडत असेल. यंत्राला लागू पडत नाही. वस्तू स्वगृही जावी हे मलाही मान्य आहे. पण घर म्हणजे केवळ जमीन नव्हे. जिथे पाऊस लागत नाही, जिथे येणारा-जाणारा तबकडी उचकटून खिशात घालू शकत नाही आणि जिथे मालक बदलला तरी वही बदलत नाही, ते वस्तूचे घर. परत आणण्याच्या मिरवणुकीला लोक मिळतात. परत आणल्यानंतरच्या विसाव्या पावसाळ्यात कौले शाकारायला कोणी मिळत नाही. 'आमचे आम्हाला द्या' असे म्हणण्याचा हक्क मी कोणाचाच नाकारीत नाही. पण त्या मागणीच्या कागदाला छपराचा नकाशा जोडलेला असावा, एवढी माझी अट आहे.

तिसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो मला सर्वांत आवडतो. ते म्हणतात, "विमान उडाले पाहिजे. उभे ठेवलेले विमान म्हणजे पेंढा भरलेला वाघ." त्यांच्या बाजूला दाखलाही आहे. मलोनीच्याच संग्रहालयात एक झीरो आहे. जून १९४४ मध्ये सायपान बेटावर पकडलेले. ते आज कॅलिफोर्नियातील चिनो येथे असते आणि आपल्या मूळच्या 'साकाए' जातीच्या इंजिनावर उडते. १९७८ आणि १९९५ साली ते जपानलाही जाऊन आले. त्या इंजिनाच्या आवाजात जे आहे ते माझ्या शंभर लेखांत येणार नाही, हे मी मान्य करतो.

तरीही हायातेसारख्या एकुलत्या एका विमानाला हा न्याय लावायला मी तयार नाही. झीरो दहा हजारांवर बांधली गेली आणि जगातल्या अनेक संग्रहालयांत आजही आहेत. एक गेले तर दुःख होईल, पण जात बुडणार नाही. हायाते गेले तर ती जातच बुडाली. आणि अपघाताला आकाशच लागते असे नाही. अकुतानच्या झीरोचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. तेव्हा कोणी मला विचारील, "हायातेने उडूच नये असे तुमचे मत, मग ते उडत नाही म्हणून गळा का काढता?" उत्तर सोपे आहे. गवयाने मौन धरणे वेगळे आणि त्याचा गळा कापणे वेगळे. हायाते धडधाकट असते आणि आपण ते न उडवण्याचे ठरवले असते, तर त्याची प्रत्येक नळी, प्रत्येक तबकडी पुढच्या शिकणाऱ्यासाठी जागच्या जागी राहिली असती. ते विमान म्हणजे एकच प्रत उरलेले पुस्तक होते. आबाळीच्या त्या वर्षांत त्याची पाने फाडली गेली.

मग जपानला हे जमतच नाही का? असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि मला न्याय करायचा आहे. कावासाकी कंपनीचे 'हिएन' नावाचे दुसरे एक लढाऊ विमान आहे. हिएन म्हणजे उडती पाकोळी. युद्ध संपल्यावर ते टोकियोजवळ योकोता येथील अमेरिकी तळावर शोभेची वस्तू म्हणून उभे होते. १९५३ साली ते जपानी लोकांना परत मिळाले. मग त्याचेही तेच हाल झाले: गावोगावच्या प्रदर्शनांतून ते फिरले, हाताळले गेले, त्याचे भाग गेले, त्यावर नवे रंग चढले. पण २०१५ साली ते कावासाकीच्याच लोकांनी हाती घेतले. पुढल्या वर्षभरात त्यांनी काय केले? नवा झगझगीत रंग दिला नाही. उलट, नंतर चढलेला रंग उतरवला आणि मूळचा पत्रा उघडा ठेवला. हरवलेल्या तबकड्यांच्या जागी अभ्यास करून नव्या घडवल्या. २०१६ साली ते कोबे येथे लोकांना दाखवले, आणि पुढे काकामिगाहारा येथील संग्रहालयात ठेवले. म्हणजे ज्या गावी ते जन्मले त्याच गावी. ते उडत नाही आणि उडण्याचे सोंगही करीत नाही. त्याच्या अंगावरचे पोचे आणि डाग दिसतात. जो पाहतो त्याला, यातले १९४४-४५ चे किती आणि आजचे किती, हे विचारता येते आणि उत्तर मिळते. याला मी जपणूक म्हणतो. आमच्या तांब्याला असा जाणता हात लाभला असता तर आजीचे नाव आज वाचता आले असते.

चिरानच्या त्या इमारतीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १९४५ च्या वसंतात याच चिरानच्या तळावरून जपानी लष्कराची तरुण पोरे ओकिनावाकडे निघत आणि विमानासकट शत्रूच्या जहाजांवर कोसळत. ओकिनावाच्या त्या लढाईत असे मरण पत्करणाऱ्या लष्कराच्या १०३६ वैमानिकांचे स्मारक तिथे आहे. भिंतींवर त्यांची छायाचित्रे आहेत, पेट्यांत त्यांनी घरी लिहिलेली पत्रे आहेत. हायाते आज या सोबतीत उभे आहे. छप्पर आहे, कुलूप आहे. मला त्याचे समाधान आहे. पण अशा जागी डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांना यंत्र दिसत नाही, मूर्ती दिसते. मूर्तीला कोणी प्रश्न विचारीत नाही. हे तेल कोठून आले, हा पत्रा कारखान्यात कोणाच्या मुलांनी ठोकला, आणि या पोरांना पाठवणारे वडीलधारे स्वतः कुठे होते, हे प्रश्न विमानाला विचारता आले पाहिजेत. वहीचे महत्त्व तेच. वहीत 'शूर' आणि 'पवित्र' हे शब्द येत नाहीत. वहीत स्क्रू येतात, तारखा येतात, बदललेला पत्रा येतो. पूजेला मज्जाव करू नये, पण वहीची जागा पूजेला देऊ नये.

कोणी म्हणेल, हे सारे जपान-अमेरिकेचे; आपला संबंध काय? संबंध आहे. काही वर्षांपूर्वी नातवाला घेऊन मी दिल्लीला पालमच्या भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात गेलो होतो. आपल्या दलाची विमाने पाहता पाहता तो एका लहानशा, ठेंगण्या विमानापाशी थांबला. ते जपानचे 'ओका' होते. ओका म्हणजे चेरीचा बहर. नाव फुलाचे आणि काम असे की, नाकात बाराशे किलोंचा स्फोटक गोळा, मागे अग्निबाण, मधे एक माणूस. मोठ्या विमानाच्या पोटाखाली बांधून न्यायचे आणि सोडून द्यायचे. नातवाने वाकून खालून पाहिले आणि विचारले, "आजोबा, याला चाके कुठे आहेत? हे उतरायचे कसे?"

मी म्हणालो, "बाळ, याला उतरायचे नव्हतेच."

तो बराच वेळ काही बोलला नाही. घरी येईपर्यंत मग त्याने मला इतके प्रश्न विचारले की माझी पुंजी संपली. युद्धावरच्या कोणत्याही भाषणाने, कोणत्याही धड्याने त्याला तसे गप्प केले नव्हते आणि तसे बोलतेही केले नव्हते. चाके नसलेल्या त्या पोटाने ते केले. कोणी कनवाळू माणसाने उद्या त्या ओकाला, बरे दिसावे म्हणून, दोन चाके लावली तर? कोणी संतापून ते भंगारात घातले तर? दोन्हींचा परिणाम एकच: पुढच्या नातवाला तो प्रश्न सुचणार नाही.

परक्याची, त्यातून वैऱ्याची, अशी ही वस्तू आपल्या देशाच्या पदरात ठेव म्हणून पडली आहे. ठेवीवर हळदकुंकू वाहिले नाही तरी चालते. ती मोजून घ्यावी, लिहून ठेवावी, कोरड्या जागी ठेवावी आणि दरसाल उघडून पाहावी. हायातेच्या बाबतीत एवढेच व्हायला हवे होते.

आजीचा तांब्या मी या वर्षी घासू दिला नाही. घरात थोडी कुरकुर झाली. सणासुदीला काळवंडलेले भांडे मांडून ठेवू नये म्हणतात. मी तो एका मऊ फडक्यात बांधला आणि सोबत एक चिठ्ठी ठेवली. तीवर आजीचे माहेरचे नाव आणि गाव मला आठवले तसे लिहिले आहे. शके मात्र मला आठवले नाही. ती जागा मी कोरी सोडली आहे.